टाकीतली फळी

आईने विकतच्या पिशवीतल्या खोबऱ्याच्या किसाला "चांगलं आहे" म्हटलं, त्या दिवशी मी घाबरले. खरं तर तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनलाच घाबरायला हवं होतं, पण तेव्हा धावपळीत ते राहून गेलं.

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली ती विळी घेऊनच. रोज सकाळी विळी जमिनीवर मांडायची, एका पायाने पाट दाबून धरायचा आणि नारळाची वाटी खोवायला घ्यायची. खोवता खोवता नारळवाल्याचा, माझा आणि हवामानाचा उद्धार करायचा, हा तिचा जन्मभराचा क्रम. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आता खाली बसणं बंद. विळी ओट्याखाली गेली आणि आई खुर्चीवर गेली.

आणि ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायला लागली. घरात ती मालवणी बोलते, म्हणजे ओरडते. शुद्ध मराठी तिने डॉक्टर आणि पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवलेली आहे. आमटी कशी झाली? चांगली झाली. पंखा वाढवू? तुझी मर्जी. ओट्याला घट्ट बसवायची, उभ्याने खोवायची नवी खोवणी आणली, तर म्हणाली, "छान आहे हो." मग तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या स्वयंपाकाला नाव न ठेवणारी आई मला सहन होईना. माणूस असं हळूहळू घरातून उठून जातं की काय, असं वाटायला लागलं.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी बाल्कनीत सुतारकाम करते. स्टुलं करते. बहुतेक उभी राहतात. मी ठरवलं, आईला खुर्चीइतक्या उंचीचा लांबट बाक करायचा. एका टोकाला तिच्याच विळीचं पातं आणि खोवणी, दुसऱ्या टोकाला ती. पण आई वजनाने चिमणी, त्यामुळे लाकूड जडच हवं, नाहीतर नारळाबरोबर बाकही कलंडायचा.

पावसाळ्यात आमच्या सोसायटीतलं जांभळाचं झाड पडलं. आमची सोसायटी मुलुंडला, ईस्टला. झाड कोणाच्या गाडीवर पडलं नाही, याचं काही सभासदांना वाईट वाटलं. फांद्या गेल्या, खोड राहिलं. खोड हलवायला खर्च येणार असं कळल्यावर कमिटीने ते मोठ्या मनाने मला देऊन टाकलं.

वखारवाल्याने आधी एकच गोष्ट विचारली. "ताई, सोसायटीचं झाड ना? मग नाही घेणार. खिळे असतात. माझ्या ब्लेडची वाट लागते." खरंच होतं. मुंबईत झाडाला फळं कमी आणि खिळे जास्त. मी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेतला आणि खोडावरून फिरवत बसले. गणपती जिथे चिकटेल तिथे पटाशीने उकरायचं. क्लासच्या जाहिराती, दिवाळीची तोरणं, कपड्यांची दोरी, सगळ्यांचे खिळे निघाले. वॉचमन चपला काढून उभा राहायचा.

वखारीतून तीन जाड फळ्या आल्या. सगळ्यात जाड होती ती बुंध्याकडची, आईच्या बाकाची. तिन्ही पार्किंगमध्ये रचून ठेवल्या आणि आईला तपासणीला घेऊन गेले. परत आले तर दोनच होत्या.

झालं असं होतं, की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, पाण्याच्या टाकीत जांभळाचं लाकूड ठेवलं की शेवाळ धरत नाही. त्याआधी झाडाच्या साली मधुमेहवाल्यांनी नेल्या होत्या, तुकडे घरोघरी पिंपात गेले होते, त्याला माझी हरकत नव्हती. पण सेक्रेटरींनी जाड फळी उचलून, नायलॉनची दोरी आणि विटा बांधून, गच्चीवरच्या टाकीत उभी सोडली होती.

मी त्यांच्या दारात गेले. "ती फळी माझी आहे."

"ताई, झाड सोसायटीचं, पाणी सोसायटीचं."

"कमिटीने मला दिलं होतं."

"खोड दिलं होतं. फळ्यांचं काही ठरलं नव्हतं."

या माणसाने आयुष्यात कधी पाण्याचा प्रश्न इतक्या तातडीने सोडवला नव्हता. मी चिडून खूप बोलले. घरी आले तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे, असू दे." एरवी तिने सेक्रेटरींच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मला त्या "असू दे"चा फळीपेक्षा जास्त राग आला.

उरलेल्या दोन फळ्या मी गच्चीवर वाळत घातल्या. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, मी खूश होते, फळ्या लवकर वाळतील. वाळल्याही. एक दुपारी फटकन आवाज करून टोकापासून मध्यापर्यंत उलली. दुसरी एवढी पिळवटली की तिच्यावर वाटीसुद्धा बसेना. जांभूळ फार हट्टी लाकूड, घाई केली की असंच करतं, हे मला नंतर कळलं. मी पायरीवर बसून रडले. कोणी विचारलं तर सांगता आलं नसतं, की मी लाकडासाठी रडत नाहीये.

उन्हाळ्याच्या आधी टाकी धुवायला काढली. शेवाळ होतं तेवढंच होतं, फक्त त्यातलं थोडं आता फळीवर होतं. सेक्रेटरी म्हणाले, "फळीचं काम झालेलं आहे, तुम्ही नेऊ शकता." मी दोरी सोडली, फळी पुसली आणि पाहिलं. कुठे चीर नाही, पीळ नाही. इतके महिने काळोखात, पाण्यात, तिची कोणी घाई केली नव्हती. सेक्रेटरींचे आभार मानावे लागणार, हे लक्षात येऊन मला बरं वाटेना. मानले नाहीत.

या वेळी मी शहाणी झाले होते. टोकं आधी वाळून चिरू नयेत म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना मेणबत्ती वितळवून लावली आणि ती आईच्या पलंगाखाली सावलीत सरकवली. खोलीला टाकीचा वास यायला लागला. आई म्हणाली, "चांगली आहे." पुढच्या थंडीपर्यंत ती त्या फळीवर झोपली आणि मी रोज वाकून चिरा शोधत राहिले. केसाएवढी एक पडली, बस्स.

मग रंधा मारला, पाय ठोकले, जुन्या विळीचं पातं खोवणीसकट काढून बसवलं. बाक खिडकीशी ठेवला, आईला धरून बसवलं आणि हातात अर्धा नारळ दिला.

तिने वाटी खोवणीवर टेकवली. दोनदा फिरवली. बाक हलला नाही. खाली ताटलीत पडलेलं खोबरं चिमटीत घेऊन तिने पाहिलं, आणि तिच्या कपाळावर मला ओळखीची आठी दिसली.

"हेका धार कोणी काढल्यान? खोबरा जाडा पडता."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"बघत काय रवलंस? उद्या बाजारातसून दोन नारळ हाड. आणि तो पिशवीतलो भुसो आधी टाकून दी."

"तूच तर चांगला म्हणायचीस."

"मगे काय म्हणू?" तिने वाटी फिरवायची थांबवली. "माका खाली बसूक जमना नाय, सगळा तूच करतंस, आणि वर मी तुझ्यार आरडत रवू?"

मग ती पुन्हा खोवायला लागली. मी आत गेले, पिशवी उचलली आणि कचऱ्यात टाकली. सकाळीच फोडलेली होती.