मोठीमाय समुद्रात उतरली तेव्हा

फोन आईचा होता. "बाई गेल्या रे..." एवढंच ती बोलली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. पुण्यातल्या घरात खिडकीपाशी फोन धरून उभा असताना मनात पहिल्यांदा आलं ते विचित्रच होतं. दोन वर्षांपूर्वी ही बातमी मला बाबांनी सांगितली असती. आई एका शब्दाने बोलली नसती.

मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आईची थोरली जाऊ; आई तिला 'बाई' म्हणायची. धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात दोन्ही घरांना अंगण एकच. माझं अर्धं लहानपण तिच्या ताटात जेवण्यात गेलं. पण माझ्या बहिणीच्या लग्नात हळद लावायला तिला बोलवायचं गडबडीत राहून गेलं आणि ती न जेवता निघून गेली. आईही हटून बसली, "मी काय मुद्दाम केलं?" तेव्हापासून दोघी आपापलं अर्धं अंगण झाडायच्या, सडा टाकायच्या आणि एकमेकींकडे न बघता आत जायच्या. सात-आठ वर्षं हे चाललं.

माझ्या मुलाच्या बारशाला बाबांनी दोघींना एकाच गाडीने पुण्याला आणलं. दोन खोल्यांच्या घरात पंचाईत आमची झाली. आई ओट्यापाशी उभी आणि मोठीमाय मला सांगायची, "बाबू, तुझ्या मायले सांग, दूध उतू जाऊन राहिलं." आई दूध उतरवायची, पण मान वळवायची नाही. बारसं झाल्यावर मोठीमायने एकदम विचारलं, "इथून समुद्र जवळ आहे म्हणते. खरं का गा?"

"आहे. गाडीने चार तास."

"मंग आपण काऊन बसून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही अलिबागला निघालो. पुढे मी आणि बाळाला घेऊन बायको, मागे दोन खिडक्यांना दोन जावा आणि मध्ये बाबा. घाट उतरला, माडांच्या वाड्या सुरू झाल्या आणि मोठीमायला धीर धरवेना. हे झाड कोणतं, त्या घराची कौलं अशी कशी, हा वास कशाचा? सुकत घातलेल्या मासळीचा, म्हटल्यावर तिने काच आणखी खाली केली. शेवटी एका चिंचोळ्या रस्त्याच्या टोकाला एकाएकी समुद्र दिसला. ती गाडीतून उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. आयुष्यभर धानाच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत राबलेली बाई ती. कितीतरी वेळाने म्हणाली, "बाप्पा... याले तर धुराच नाही!" आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात.

ओहोटी होती. समोरच्या पाण्यातल्या किल्ल्याकडे लोक चालत निघाले होते. टांगेवाला म्हणाला, "मावशी, बसा, पाय भिजतील." मोठीमाय हसली. "भिजवालेच तं आली मी." तिने रोवणीला, धानाची रोपं लावताना खोचतात तसं लुगडं वर खोचलं, चपला माझ्या हातात दिल्या आणि घोटाभर पाण्यातून तरातरा निघाली. आम्ही सगळे तिच्या मागे. लाट आली की ती ओरडायची, लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकते म्हणून खिदळायची. सत्तरीची बाई... मी तिला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. किल्ल्यात ती एकेका बुरुजावर चढली. बाबा म्हणाले, "वहिनी, दमानं जा." तिचं लक्ष कुठे होतं!

या नादात उशीर झाला. परतताना पाणी चढलं होतं, टांग्याशिवाय इलाज नव्हता. मधोमध आल्यावर चाकं जवळजवळ बुडाली, घोडा फुरफुरला, टांगा कलला आणि एक लाट थेट आमच्या मांडीवर आली. बायकोने बाळाला छातीशी धरलं. आईने डोळे गच्च मिटले आणि शेजारी बसलेल्या मोठीमायचा दंड दोन्ही हातांनी पकडला. "बाई, धरा मले!"

"धरली न वं. कायले भेऊन राहिली? मी आहो न."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. वाळू आली, टांगा थांबला, तरी आईने हात सोडला नाही. संध्याकाळी दोघी पाण्याच्या काठाशी ओल्या लुगड्यांनी बसून बोलत होत्या. काय बोलत होत्या ते लाटांमुळे ऐकू आलं नाही, आणि आम्हीही जवळ गेलो नाही. परतीच्या वाटेवर बाबांना खिडकी मिळाली.

गावी गेल्यावर मोठीमायने तो समुद्र सगळ्यांना सांगितला. गोरेगावच्या बाजारात, एसटीत, आणि सगळ्यात जास्त रोवणीच्या बांधीत. आई शेजारी वाकून रोप लावत गालातल्या गालात हसायची, पण मध्ये बोलायची नाही. सांगायचं ते बाईंनी. या उन्हाळ्यात ताप आला आणि थोड्याच दिवसांत मोठीमाय गेली.

मागच्या आठवड्यात रोवणीला मी गावी होतो. चिखलात बायांची ओळ वाकलेली, सगळ्या गप्प. तेवढ्यात एकजण आईला म्हणाली, "वहिनी, आता समुद्राचं तूच सांग न." आई थांबली. कंबर सरळ केली. पदराने तोंड पुसलं... आणि सुरू झाली. आवाज आधी कापरा होता, मग चढत गेला. घोडा, चाकं, लाट सगळं आलं. लाट तर टांग्याच्या छपरावरून गेली. बाया रोपं हातात धरून ऐकत राहिल्या. बाबा धुऱ्यावरून ओरडले, "अवो, हातबी चालू द्या!" कोणी ऐकलं नाही.

"आम्ही दोघी यंदा पुरीचा समुद्र पाहाले जाणार होतो," आई म्हणाली. "बाईनं डब्यात काय काय न्यायचं तेबी ठरवलं होतं."

मग ओळीच्या टोकाची म्हातारी म्हणाली, "आमाले नेशील का?"

आईने हातातली रोपांची पेंढी सोडवली, चार रोपं चिखलात खोचली.

"नेईन. सगळ्यायले नेईन. आधी एवढी रोवणी सरू द्या."

आणि बाया अशा भराभर लावत सुटल्या, की बाबांना रोपं पुरवता येईनात.