तारीख नसलेली नोंद

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आजचंच लिहितेय.

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कॉम्प्युटर निवडायला आमच्या कार्यालयात आमची समिती बसली होती. तेवढ्यात हेदवी गावची एक म्हातारी आली. जमीन नावावर करायला तिला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता.

"तारखेशिवाय यंत्र शोधणार नाही, आजी," कॉम्प्युटर विकायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला.

"तारीख कुठली, बाबा? भाताची लावणी चाललेली, तेव्हा गेले."

आमच्या रेकॉर्डकीपर सावंतांनी तिला दोन प्रश्न विचारून साल ताडलं, कापडात बांधलेला एक गठ्ठा सोडला आणि नोंद काढून दिली.

तरीही यंत्र घ्यायचं आणि गठ्ठे रद्दीत घालायचे, असं ठरलं. मीही सही केली.

निवृत्तीला आलेले सावंत एवढंच म्हणाले, "बाई, यापुढे माणसांना तारीख बघून मरायला सांगा."

तुम्ही केली असतीत का गं सही?