एक चहाची, एक दुधाची

चहाने बुद्धी मंद होते, असं आमच्या आईचं ठाम मत होतं. हे तिला कुणी सांगितलं देव जाणे, पण त्यावर तिने आम्हा दोघी बहिणींची वाटणी करून टाकली. मी वर्गात पहिली यायचे, म्हणून मला फक्त दूध. ताई गणितात दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी आई म्हणाली, "हिला काय, हिला द्या चहा." तेव्हापासून ताई रोज सकाळी बाबांबरोबर ओटीवर कपबशी घेऊन बसायला लागली. मी आत पाढे म्हणत त्या दोघांचं फुरके मारणं ऐकायचे.

पुढे मी रत्नागिरीतच कॉलेजात गणित शिकवलं आणि ताईने दोन गल्ल्या पलीकडे संसार थाटला. तिच्या शेगडीवरून चहाचं भांडं कधी उतरलंच नाही. मासे घेऊन येणारी, मीटर बघायला आलेला माणूस, वरच्या मजल्यावरचे मस्कतहून परतलेले भाडेकरू, सगळ्यांना चहा. आणि प्रत्येकाला सोबत म्हणून ताईलाही.

सत्तरी गाठली आणि मी विसरायला लागले. मुलाने फोनवर सांगितलेली यायची तारीख विसरले. भाचीकडचं जेवण विसरले. ताईने सुरमई आणायला सांगितली, तर मी सुकट घेऊन हजर.

"गो बाय, तुझं डोकं तपासून घेऊया," ताई म्हणाली आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलांच्या वयाच्या. त्यांनी पाच शब्द सांगितले, मग इकडच्यातिकडच्या गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आता ते शब्द सांगा."

"सायकल, पोपट... आणि फेरी," मी म्हटलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताई म्हणाली, "पेरू, सायकल, घंटा, पोपट, चादर. आणि डॉक्टरीणबाई, तुम्ही गेल्या वेळी हाच ड्रेस घातला होतात."

मी ताईकडे बोट दाखवलं. "हिला सगळं आठवतं ते चहामुळे!" मी जवळजवळ ओरडलेच.

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, चहा-कॉफीने तेवढ्यापुरती तरतरी येते, हे खरं. पण वर्षानुवर्षं प्यायल्याने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते का, यावर अभ्यास करणाऱ्यांचंही एकमत नाही. "एकट्या ताईंवरून तर काहीच सांगता येणार नाही."

मी मात्र ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांची कसर भरून काढायची म्हणून मी ताईच्या मापाने चहा सुरू केला. पहिले दोन दिवस काय मजा! शब्दकोडं नाश्त्याच्या आत संपायचं. कपाटं आवरली, पडदे धुतले, भाट्याच्या पुलावरून तरुण पोरींच्या पुढे चालत गेले. तिसऱ्या दिवसापासून झोप उडाली. छातीत धडधड. आठवड्याने पाहुण्यांसमोर शिऱ्यात मीठ पडलं आणि मी मुकाट्याने पुन्हा दवाखान्यात गेले. ताई होतीच बरोबर.

"झोप नसेल तर मेंदू लक्षात काय ठेवणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मावशी, गेल्या वेळी मी सांगितलेल्या पेरूची तुमच्याकडे फेरी कशी झाली हो?"

त्या उठून माझ्या मागे गेल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या. मला नुसती कुजबुज ऐकू आली. त्यांनी दिवा घेऊन कानात डोकावलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे माझ्या दोन्ही कानांतून जे निघालं त्याचं वर्णन इथे करत नाही. मी निम्म्या गोष्टी विसरत नव्हते, तर त्या माझ्यापर्यंत पोचतच नव्हत्या.

ताईलाही डॉक्टरीणबाईंकडून त्या भेटीत दुपारनंतरचा चहा बंद करायचा सल्ला मिळाला. तिने बाणेदारपणे पूर्णच सोडला. पुढचे तीन दिवस डोक्याला फडकं बांधून ती झोपून होती. गॅसवर दूध ठेवल्याचं विसरली, माझ्यावर खेकसली, आणि चौथ्या दिवशी सकाळी तिने आधण ठेवलं. आता दुपारपर्यंतच पिते. मी सकाळी एक कप घेते, तोही अर्धा दुधाचा.

परवा तिच्या ओटीवर बसलो होतो. ती भाडेकरूंना आमच्या वेळणेश्वरच्या सहलीची गोष्ट सांगत होती. होडी कशी कलंडली, बाबांनी मला कसं केसांना धरून बाहेर काढलं. आजवर मी तिच्या अशा गोष्टींना नुसती मान डोलवायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच शब्द न् शब्द नीट ऐकला.

"ताई, आपण एस्टीने गेलो होतो," मी म्हटलं. "आणि तेव्हा मला बॉयकट होता."

ताईने कपातून एक घोट घेतला, भाडेकरूंकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बघा, बिचारीला काही आठवत नाही."