आईचा मोतीबिंदू आणि माझ्या पगारातली कपात

मी अमेरिकेतल्या लोकांचे पगार करते. म्हणजे खराडीच्या एका ऑफिसात बसून तिकडच्या छोट्या कंपन्यांमधल्या माणसांच्या पगारातली कपात तपासते. त्यातली एक कपात म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी असते. बेकरीतली मुलगी असो की वकील, प्रत्येकाच्या पगारातून ती जाते, आणि तेवढीच भर मालक घालतो. मला ती कपात आवडते. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्याही पगारातून कामगार विम्याची कपात होते आणि त्या विम्यात आई येते. अडचण आईचीच होती. वारज्यातल्या आमच्या घरी ती साड्यांना फॉल-पिको करते. गेल्या वर्षी तिला मोतीबिंदू झाला. एका जांभळ्या साडीला निळा फॉल लागला तेव्हा गिऱ्हाईक बाई हसल्या, आई हसली नाही. ऑपरेशन झालं नसतं तर तिचं काम सुटलं असतं. तरी विम्याचं नाव काढलं की ती नकोच म्हणायची.

"लेकीच्या पगारावर डोळे करून घेऊ? तुझ्या मामाला काय सांगू?"

आमच्याकडे लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. आजी आत्याकडे नुसता चहा प्यायली तरी साखरेचा पुडा ठेवून निघायची.

मला वाद घालता येत नाही. मी माझ्या कामातलं सांगितलं, कारण तेवढंच मला नीट सांगता येतं. बेकरीतली ती मुलगी भरते ते तिच्या आईला जात नाही, कुठल्यातरी अनोळखी म्हातारीच्या उपचाराला जातं. तिची आई म्हातारी होईल तेव्हा दुसरं कुणीतरी भरत असेल. आपल्याकडचे नियम वेगळे आहेत, पण पैसे असेच सगळ्यांचे एकत्र होतात.

"बाबांचेही कापायचे ना?" मी म्हटलं.

बाबा कारखान्यात होते. दर महिन्याला कपातीवर कुरकुरायचे आणि आजारी कधी पडलेच नाहीत. गेले तेही झोपेत.

आईने दोरा ओवायचा नाद सोडला आणि सुई माझ्या हातात दिली. "मग त्यांचे कुठे गेले?"

"कुणाच्यातरी आईच्या डोळ्यांना."

मी दोरा ओवून दिलेली सुई तिने परत घेतली. मग म्हणाली, "तुझा पगार वाढला की हे बंद होतं ना?"

"ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की."

"मग आत्ताच जाऊ. तुझे साहेब नेमके याच वर्षी उदार व्हायचे."

रुग्णालयाच्या रांगेत आमच्या पुढे मांजरी गावचे एक आजोबा होते. "पोराच्या पगारातनं कापत्यात, म्हनून आलोय," ते आईला कौतुकाने म्हणाले. "तुमचा पोरगा कुठं हाय कामाला?"

मी चपलांकडे बघू लागले. मला वाटलं, ती विषय बदलेल.

"मुलगी आहे," आई म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ही. अमेरिकेचे पगार हीच करते."

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. "लई गप हाय."

"पगार करायला बोलावं लागत नाही."

ऑपरेशन छान झालं. डोळा बरा झाल्यावर आईने तिची स्वतःचीच एक साडी खिडकीशी नेली आणि फॉलचे टाके पाहिले. "हे मी शिवलंय? आणि असल्या साड्या बायका मुकाट्याने नेसल्या?" त्याच दिवशी तिने साऱ्या सोसायटीला साड्या परत आणायला सांगितल्या. सध्या आमच्या घरात उसवलेल्या साड्यांमुळे बसायला जागा नाही. मी दाराशी चहाचा कप घेऊन उभी असते आणि ती एका झटक्यात सुईत दोरा ओवते.

"दुसरा डोळा राहिलाय," ती मान वर न करता म्हणते. "तोवर साहेबांच्या फार नजरेत भरू नकोस."

ते मला चांगलं जमतं.