बांड्याची बाजू

गेल्या रविवारी सकाळी मी बाबांना जवळजवळ जबरदस्तीनेच स्कूटीवर बसवलं आणि वाडीत घेऊन गेले. वाडी म्हणजे यवतमाळात आमच्या घरापासून दोन चौक पुढचा ओपन प्लॉट... आधी तिथे कचरा पडायचा. मग आजूबाजूच्या लोकांनीच तो साफ केला आणि आता तिथे शेळ्या, कोंबड्या, एक गाय असा संसार आहे.

घराघराला पाळ्या लावून दिल्यात. ज्याची पाळी त्याने शेण काढायचं, चारा टाकायचा... बहाणे चालत नाहीत.

बाबा आठ महिन्यांपासून माझ्याकडे राहतात. गाव आर्णीजवळ. लागोपाठ तीन हंगाम कापूस हातचा गेला, शेवटच्या वर्षी तर बोंडअळीने काही ठेवलंच नाही. मग बाबांनी बैलजोडी विकली, शेत ठेक्याने दिलं. आई आधीच गेलेली... म्हणून मीच हट्टाने त्यांना इकडे आणलं.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एकदा ठरवलं की मी सगळं नीटच करते. त्यांना वेगळी खोली दिली, टीव्ही दिला, नवंकोरं कपाट दिलं. पण त्या कपाटात त्यांनी एक सदरासुद्धा ठेवला नाही. सगळे कपडे गावाहून आणलेल्या बॅगेत... आणि बॅग दाराजवळ. जेवायला बसले की अर्धी भाकर खाऊन उठायचे.

मागच्या आठवड्यात म्हणाले, "मी गावाले जातो वं." गावी आहे कोण? घराला कुलूप आहे. कशीबशी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. म्हणजे रविवार हा माझा शेवटचा चान्स होता.

वाडीत पोचलो तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. वाडीचं सगळं सुषमाताई बघतात, नर्स आहेत, मोठ्या खमक्या. त्यांनी सांगितलं, नेरकडच्या एका शेतकऱ्याने बैल ठेवणं बंद केलं आणि बाजारात न नेता जोडी वाडीला देऊन टाकली. पांढऱ्या आणि बांड्या. पांढऱ्या मजेत होता, पण बांड्या चार दिवसांपासून चाऱ्याला तोंड लावत नव्हता. डॉक्टर येऊन तपासून गेले, आजार काही सापडला नाही, तरी भुकेचं औषध पाजणं चालू होतं.

मी लगेच बाह्या सरसावल्या. शेतकऱ्याची मुलगी आहे मी, बैलांतच वाढलेय! सुषमाताईंकडून कणीक आणि गूळ मागवला, छान गोळा केला आणि बांड्यापुढे धरला. त्याने वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्यांदा धरला तर माझ्या कुर्त्यावर फुसकन शिंकला... अख्खी वाडी हसली.

बाबा इतका वेळ फाटकाशीच उभे होते, हात मागे बांधून. ते हळूहळू आत आले. बांड्याच्या मानेवरून हात फिरवला, खांदा चाचपला आणि मग नुसतेच बघत राहिले... बांड्या कुठे बघतो ते.

"हा डाव्या अंगाचा बैल हाय," बाबा म्हणाले. "तुमी याले उजवीकडे काहून बांधलं?"

कोणालाच काही कळलं नाही. मग बाबांनी समजावून सांगितलं. जोडीतला प्रत्येक बैल आयुष्यभर जुवाच्या एकाच बाजूला चालतो. बांड्या डावीकडचा, म्हणजे त्याचा जोडीदार कायम उजव्या हाताला. इथे उजवीकडे वळून बघितलं की त्याला भिंत दिसायची. "चार दिवसापासून थो जोडीदार हुडकून राह्यला अन् तुमी त्याले औषध देता."

सुषमाताई ओशाळल्या. फाटकातून फोटो चांगला येतो म्हणून पांढऱ्याला अलीकडे बांधलं होतं म्हणे! आणि देणाऱ्या शेतकऱ्याने काही सांगितलं नव्हतं. असली गोष्ट कोणाला सांगावी लागते, हे त्याच्या मनातही आलं नसेल.

बाबांनी स्वतः दोघांना सोडलं आणि बाजू बदलून बांधलं. बांड्याने उजवीकडे मान वळवली... तिथे पांढऱ्या होता. थोडा वेळ त्याची मान चाटली आणि मग सरळ कडब्यात तोंड घातलं.

मला खरंच लाज वाटली. घरी जोडी होती, मी रोज बघत होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "तुले आमी शाळेत धाडलं न बाई... तुले कसं माहीत राहीन?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सुषमाताईंनी विचारलं वगैरे काही नाही. सरळ फळ्यावर बाबांचं नाव लिहिलं, सकाळची पाळी. बाबांनी एकदा फळ्याकडे बघितलं आणि ते स्कूटीकडे चालू लागले.

सोमवारी सकाळी उठले तर दाराजवळ बॅग नव्हती. चपला नव्हत्या. तशीच स्कूटी काढली आणि बसस्टँडकडे निघाले. वाटेत वाडी लागते, सहज नजर गेली.

बाबा शेळ्यांच्या घोळक्यात बसले होते. शेजारी बॅग उघडी... आत आमच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली कोबीची पानं, मटाराची सालं.

"तू काहून आली वं एवढ्या सकाळी?" मला म्हणतात! "माही पाळी हाय आज."

घरी येऊन आधी कपाट उघडलं. चार सदरे, दोन धोतरं, टोपी... सगळं नीट घडी करून ठेवलेलं.

बांड्याला चुकीच्या बाजूला बांधून सगळे त्याच्या तोंडात औषध घालत होते. मीही बाबांसोबत आठ महिने तेच करत होते... वाडीवाल्यांनो, तुमचे उपकार मी विसरणार नाही.