डुकरिणीची तेरा पिल्लं आणि सुईण कासिमिरा

केब्रादा ओंदा गावातल्या निम्म्याहून जास्त माणसांना कासिमिराने पहिल्यांदा पाहिलं ते डोक्याकडून, आणि चौघांना पायाकडून. त्या चौघांवर तिचा जरा जास्तच हक्क. "उलटा आलास तेव्हा तुझ्या आईचा आणि माझा घाम काढलास, आता निदान सरळ वाग," असं ती त्यांना चर्चच्या पायरीवर, चारचौघांत सुनावायची.

सुईणपण तिला आईकडून मिळालं. गावची रीत अशी होती की मुलगा झाला तर सुईणीला कोंबडी आणि डझनभर अंडी, मुलगी झाली तर नुसती अंडी. कासिमिराने ती पहिल्याच वर्षी मोडली. "मुलगी आहे म्हणून कळा काही अर्ध्या येत नाहीत. कोंबडी काढा," असं म्हणून ती अंगणात ठाण मांडून बसली होती.

तिची स्वतःची नऊ बाळंतपणं झाली, सहा मुलं जगली. पण तिच्या मनाला लागून राहिलं होतं ते धाकट्या बहिणीचं, देल्फिनाचं. नवव्या खेपेला देल्फिनाचं रक्त थांबेना, आणि गावोगावच्या बाया सोडवणाऱ्या कासिमिराला सख्ख्या बहिणीला वाचवता आलं नाही. पाचव्या मुलानंतर देल्फिना एकदा मका सोलता सोलता म्हणाली होती, "कासी, आता पुरे वाटतं गं. पण पुरे म्हणायचं कुणाला?"

उत्तर आलं ते मोठ्या वादळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, खेचराच्या पाठीवरून.

जूनचा महिना होता. जुना मका संपलेला, नवा अजून गुडघ्याएवढा. दरवर्षी या दिवसांत गाव एका वेळच्या भाकरीवर यायचं, मीठ लावलेली तोर्तिया आणि वर पाणी. अशा दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स रोसिबेल तीन खेचरं घेऊन डोंगर चढून आली. दोन खेचरांवर परदेशातून आलेल्या मदतीच्या पिवळ्या पिठाची पोती, तिसऱ्यावर औषधांची पेटी. शाळेच्या ओसरीवर तिने बायकांना पीठ वाटलं, पोरांची वजनं केली आणि सगळ्या पांगल्यावर कासिमिराला बाजूला घेतलं.

"दोन्या कासिमिरा, या गोळ्या बघा," ती आदराने म्हणाली. "रोज एक घेतली की दिवस जात नाहीत. थांबवली की पुन्हा जाऊ शकतात. मला पीठ आणि औषधं घेऊन महिन्यातून एकदाच येता येतं. तुमच्या घरी ठेवाल का? गाव तुमचं ऐकतं."

कासिमिराने गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. "एवढीशी?"

"एवढीशीच. पण ज्यांचे पाय सुजतात, डोकं फार दुखतं, त्यांना आधी माझ्याकडे पाठवा. मी तपासल्याशिवाय द्यायच्या नाहीत."

कासिमिराला देल्फिनाचे मक्याचे दाणे काढणारे हात आठवले. "ठेवते," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने, आन्सेल्मोने, पेटी पाहिली आणि हसून लोळायचा तेवढा राहिला. "शाबास! सुईणच गोळ्या वाटणार म्हणजे न्हाव्याने टकलाचं औषध विकावं तसं झालं. आता कोंबड्या कुठून येतील?"

"मला कोंबड्या कमी चालतील," कासिमिरा म्हणाली. "कबरी कमी व्हायला हव्यात." मग आन्सेल्मोनेच पेटीसाठी भिंतीत एक फळी ठोकून दिली.

पण पंचाईत झाली वेगळीच. ते पिवळं पीठ शिजवलं की त्याच्या गुठळ्या व्हायच्या आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास सुटायचा. पोरं तोंड फिरवायची. त्यात तिबुर्सियोने भर घातली.

तिबुर्सियो म्हणजे गावचा कारभारी. अकरा पोरांचा बाप, आणि गावातला एकमेव रेडिओ त्याचा, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं तो धरून चाले. त्याने दोन आणि दोन बावीस केले. "एकाच दिवशी, एकाच बाईने, पीठ आणि पोरं बंद करायच्या गोळ्या आणल्या," तो नळावर म्हणाला. "आपल्याला काय फुकट जेवू घालतायत होय? गोळ्या दळून पिठात घातल्यात! हे पीठ खाल्लं की बाया वांझ आणि पुरुष बैल!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी वरच्या आळीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाने पीठ डुकरांपुढे ओतलं. बाकीच्यांनी ते तिबुर्सियोच्या दारात आणून टाकलं, कारण सगळ्यात मोठी डुकरीण त्याची, आणि ती गाभण होती. वाया कशाला घालवा, म्हणून त्याने रोज पाटीभर तिच्यापुढे ठेवायला सुरुवात केली.

कासिमिराच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांचे केस तांबूस पडत चाललेले, पोटं ढोलासारखी, आणि अन्न चाललंय डुकरिणीच्या तोंडात. ती वाडगाभर लापशी घेऊन नळावर गेली आणि सगळ्यांदेखत चाटूनपुसून खाल्ली. "बघा! मेले का मी?"

"कोमाद्रे," तिबुर्सियो म्हणाला. त्याच्या तिसऱ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला कासिमिरा धर्ममाता होती, म्हणून ते एकमेकांना कोमाद्रे आणि कोम्पाद्रे म्हणत. "तुम्ही सत्तेचाळीस वर्षांच्या. आटलेल्या विहिरीवर झाकण घातलं काय आणि काढलं काय!"

नळावरच्या पुरुषांनी मांड्यांवर थापा मारल्या. कासिमिराही हसली, पण आतून चरफडली. "कोम्पाद्रे, पोरं उपाशी आहेत."

"देवाने चोच दिलीय, तो चाराही देईल."

"चारा त्याने दिलाच होता. तोच तुम्ही डुकरिणीला घातलात!" असं म्हणून ती वाडगा काखेत मारून घरी गेली.

त्यानंतर तिने एक केलं. तिच्या वाट्याचं पीठ तिने मातीच्या तव्यावर कोरडंच भाजून पाहिलं. पहिला घाणा करपला. दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्याला मात्र भाजलेल्या मक्यासारखा खमंग वास सुटला. त्यात तिने गूळ, दालचिनी आणि थोडं चीज मळलं, गोल कड्या वळल्या आणि चुलीच्या निखाऱ्यावर कडक भाजल्या. या रोस्कीया तिच्या नातवंडांनी हातोहात संपवल्या. पण गावात कोणी त्यांना हात लावायला तयार नव्हतं.

असे सहा आठवडे गेले. मग एका सकाळी तिबुर्सियो धापा टाकत तिच्या दारात आला. टोपी हातात, तोंड उतरलेलं.

"कोमाद्रे, चला लवकर! अडलीय!"

"एर्मेलिंदा?" कासिमिरा ताडकन उठली. तिबुर्सियोच्या बायकोला दिवस असल्याचं तिच्या कानावर नव्हतं.

"नाही हो. डुकरीण."

बायकोच्या अकरा बाळंतपणांच्या वेळी हा माणूस दारात उभा राहून सल्ले द्यायचा, आणि आज डुकरिणीसाठी डोळ्यांत पाणी. पण कळा त्या कळा. तिने हात धुतले, चरबीचा डबा घेतला आणि निघाली.

गोठ्याभोवती सगळं गाव गोळा झालं होतं. डुकरीण एवढी फुगलेली की बघवत नव्हतं. कासिमिरा चिखलात बसली, बाही वर केली, आणि तिला जे कळत होतं तेच तिने केलं. आडवं आलेलं पहिलं पिल्लू हळूच सरळ केलं आणि बाहेर काढलं. मग वाट मोकळी झाली. दुसरं आलं, तिसरं, चौथं. पोरं कुंपणावर चढून मोठ्याने मोजू लागली. नऊ! दहा! तिबुर्सियो आधी खूश झाला, मग गप्प झाला, कारण लोक हसायला लागले होते. तेरावं पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

कासिमिरा उठली आणि चिखलाचे हात पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोम्पाद्रे, हिला खायला काय घालत होतात हो?"

हशा असा उठला की दोन कुत्री भुंकत पळाली. आन्सेल्मो तर कुंपणाला धरून बसला. तिबुर्सियोची बायको एर्मेलिंदा एप्रन तोंडात कोंबून हसत होती.

वांझ करणाऱ्या पिठाची गोष्ट तिथेच संपली. पण गाव ते गाव. तिसऱ्या दिवशी नवीन आवई उठली: हे पीठ खाल्लं की जुळी, तिळी, देव जाणे किती होतील! एर्मेलिंदा स्वतः कासिमिराकडे आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "मला खरं सांगा. अकरा पुरेत मला. तेरा एकदम झाले तर मी डोंगरावरून उडी मारीन."

"पिठाने काही होत नाही, बाई. ना कमी, ना जास्त," कासिमिरा म्हणाली. "पण पुरे म्हणायचं असेल तर माझ्याकडे वेगळं आहे. गुरुवारी रोस्कीया शिकायला ये. बाकीच्यांनाही आण."

गुरुवारी सात जणी आल्या, पुढच्या गुरुवारी एकोणीस. पीठ कसं भाजायचं, आच किती मंद ठेवायची, हे शिकवता शिकवता कासिमिरा दुसरंही समजावायची. एकीने विचारलं, गोळी चघळायची का? एकीला वाटलं, रविवारी सुट्टी असेल. कासिमिरा म्हणाली, "रविवारी नवरा सुट्टी घेतो का? मग गोळीलाही नाही." बायका पोट धरधरून हसल्या. महिनाअखेर रोसिबेल आली की ती एकेकीला तपासून हो किंवा नाही सांगायची. घरी जाताना प्रत्येकीच्या हातात रोस्कीयांचा पुडा असे, त्यामुळे कुठल्याच नवऱ्याने गुरुवारबद्दल तक्रार केली नाही.

अपवाद एक तिबुर्सियो. एर्मेलिंदाने त्याच्यापासून लपवलं नाही. त्याने पट्टी जप्त केली. "माझ्या घरात येणारं औषध आधी मी घेऊन बघणार," असं म्हणून त्याने आठ दिवस रोज एक गोळी गिळली. नवव्या दिवशी पोट ढवळतंय म्हणून शेतातून परत आला. नळावर पोरांनी विचारलं, "कारभारी, कितवा महिना?"

तो रागावून सरळ कासिमिराच्या घरी आला आणि बाकावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "एर्मेलिंदाला शेवटच्या दोन्ही वेळी फार त्रास झाला ना, कोमाद्रे?"

"फार. शेवटच्या वेळी मला देल्फिना दिसत होती."

"मला तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही दारात उभं राहून मला सल्ले देत होतात."

तिबुर्सियो हसला नाही. त्याने उरलेली पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. "यातल्या आठ मी खाल्ल्या. तिला नवीन द्या," तो म्हणाला, आणि निघताना दोन रोस्कीया उचलून गेला.

पुढच्या चार वर्षांत गावात पाळणे हलायचे थांबले नाहीत, पण दोन पाळण्यांमध्ये श्वास घ्यायला जागा झाली. पोरांचे केस पुन्हा काळे दिसायला लागले. बायकांनी मिळून शाळेमागे मातीची भट्टी बांधली आणि जत्रेला रोस्कीया नेऊ लागल्या. पहिल्या कमाईतून त्यांनी नवं पातेलं आणलं आणि त्यावरून मनसोक्त भांडल्या. कासिमिराला कोंबड्या खरंच कमी मिळू लागल्या, आणि आन्सेल्मो ते रोज एकदा बोलून दाखवायचा.

पाचव्या वर्षी रोसिबेल एकच खेचर घेऊन आली. ती भट्टीजवळ उतरली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "पिठाची मदत बंद झाली," ती बायकांना म्हणाली. "वरून काही कळवत नाहीत. मला फार वाईट वाटतं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भट्टीत घाणा होता. गेल्या वर्षापासून त्या आपलाच मका आणि घेवडा भाजून दळत होत्या, आणि परदेशी पिठापेक्षा हे बरं लागतं असं सगळ्यांचं मत होतं.

"बस गं, गरम आहेत," कासिमिरा म्हणाली आणि तिच्यापुढे परात सरकवली. "पीठ नाही तर नाही. गोळ्या आणल्यास ना?"