राखेतले दहा दाणे

रोज सकाळी सव्वानऊला इंदूबाई राजापेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या योगवर्गाच्या हॉलचं कुलूप काढायच्या, खिडक्या उघडायच्या आणि दाराशी स्टूल टाकून मांडीवर पांढरा रुमाल पसरून बसायच्या. जिना चढून येणारी प्रत्येक गरोदर बाई आधी त्या रुमालावर आपली पुरचुंडी सोडायची. पुरचुंडीत तुरीचे दहा दाणे. दहाच असणार हे ठाऊक असूनही इंदूबाई ते बोटानं सरकवत मोजायच्या, एखादा उचलून उजेडात धरायच्या आणि मग म्हणायच्या, "जाय, बस." त्या होत्या तोवर यात खंड पडला नाही. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायकांचा हात तूर निवडताना अजून दहाव्या दाण्याला थबकतो. प्रणालीचा तर थबकतोच.

दाण्यांची रीत साधी होती. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचं. एक दाणा चिमटीत धरायचा आणि वाट पाहायची. बाळ हाललं की तो वाटीत टाकायचा, दुसरा धरायचा. दोन तासांत दहा दाणे वाटीत पडले तर बरं. नाही पडले तर पुरचुंडी बांधत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

"मावशी, मोबाईलमध्ये मोजता येतं आता हे," प्रियदर्शनी एकदा म्हणाली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून.

"येत असन," इंदूबाई म्हणाल्या. "पण मोबाईल पाहता पाहता तू दुसरंच पाहत बसशीन. तुरीच्या दाण्यात पाहाले काई नसते."

सगळा हॉल हसला होता. इंदूबाईही हसल्या, पण रुमालावरची नजर त्यांनी काढली नव्हती.

पातूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर त्यांनी एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काढली. निवृत्तीनंतर पती शेषरावांसोबत अमरावतीला आल्या, योगाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि हा वर्ग सुरू केला. शेषराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते बायकोला स्कूटरवर सोडायचे आणि वर्ग संपेपर्यंत खाली दुकानात पेपर वाचायचे. वर्गात कोणाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. अपघातात पाय अधू झालेली रागिणी खुर्चीवर बसून करायची. प्रियदर्शनीला भिंतीचा टेकू असायचा. जिला वाकता येत नसे तिच्या हाती ओढणीचं टोक देऊन इंदूबाई दुसरं टोक स्वतः धरायच्या. "अंगाले जेवढं जमते तेवढंच आसन," म्हणायच्या. "बाकी फोटोतल्या बायांसाठी सोडून द्या."

प्रणाली इथं आली ती भ्यालेलीच आली. सासर अकोल्याचं. नवरा अमोल कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. हे तिसरं गरोदरपण. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं आठवा लागता लागता, तेही कसलीही कळ न येता. नेहमीच्या तपासणीला गेली, नर्सनं पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि मग तिच्याकडे न पाहता म्हणाली, "थांबा हं, मॅडमला बोलावते." प्रणालीच्या मनात तेव्हापासून ते न पाहणंच घर करून बसलं होतं.

या वेळी सातव्यात डोहाळजेवण झालं आणि तिला अमरावतीला माहेरी पाठवलं. निघताना सासूनं, वच्छलाबाईंनी, पातूरच्या शेतातली तूर बांधून दिली. राखेत घोळवून ठेवलेली. "राखेतल्या तुरीले कीड लागत नाई," त्या म्हणाल्या. "तशी जपून राय, माय." इंदूबाईंनी दाणे मागितले तेव्हा प्रणालीनं तीच तूर काढली.

तिच्या आईचा वर्गाला विरोध होता. हात डोक्यावर नेले की नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते, असं आई सांगायची. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती स्वतः येऊन दाराशी उभी राहिली. तसं काही होत नसतं, हे इंदूबाईंनी एकदा समजावलं, आणि वाद न घालता म्हणाल्या, "बरं. तुमच्या पोरीचे हात खांद्यापर्यंतच. भेवासंगं भांडू नये, बाई. त्याले खुर्ची द्यावी बसाले."

पहिले पंधरा दिवस बरे गेले. प्रणाली दुपारी कुशीवर पडायची. दाणा चिमटीत फिरता फिरता त्याची राख निघून जायची, वाटीत पडताना तो तपकिरी, चकचकीत झालेला असायचा.

मग एका दुपारी सहावा दाणा चिमटीत धरून ती पडून राहिली. घड्याळाचा काटा सरकला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, परतही आला. दाणा चिमटीतच. शेवटी कधीतरी आत एक हलकीशी चुळबुळ झाली, की तिला तसं वाटलं. मागच्या खेपेलाही असंच काहीतरी झालं असणार आणि आपल्याला कळलं नसणार, हा विचार मनात आला. तिनं दाणा पटकन वाटीत टाकला. उरलेले चार वाट न पाहताच टाकले.

दुसऱ्या दिवशी ती कुशीवर पडलीच नाही. उभ्याउभ्या डब्यातून दहा दाणे काढले, पुरचुंडीत बांधले. मोजलं नाही तर कळणार नाही, आणि जोवर कळत नाही तोवर बाळ आहे. हा हिशेब वेडा आहे हे तिलाही समजत होतं. पण दवाखान्यात नेलं तर पुन्हा ते यंत्र, पुन्हा ती नर्स, पुन्हा तिचं न पाहणं. त्यापेक्षा हे बरं होतं. आईनं विचारलं, "हालते ना गं?" ती म्हणाली, "हो." अमोलनं फोनवर विचारलं, त्यालाही हो. तिसऱ्या दिवशीही तिनं डब्यातूनच दाणे घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं पुरचुंडी रुमालावर सोडली तेव्हा इंदूबाईंनी मोजलं नाही. एक दाणा उचलला, उजेडात धरला. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना राख लागली होती.

"प्रणाली," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे दाने कोनं धरले?"

प्रणाली पुरचुंडीचं रिकामं फडकं बोटाभोवती गुंडाळू लागली.

"कवा हाललं शेवटचं?"

"आठवत नाही, मावशी."

इंदूबाई उठल्या. त्यांनी रुमालाच्या चारही टोकांची गाठ मारून तो पर्समध्ये कोंबला. "प्रियदर्शनी, आजचा वर्ग तू घे. उभ्यानं काई करू नका." जिन्यावरूनच त्यांनी हाक मारली, "अहो! ऑटो थांबवा! आनि हिच्या माईले दवाखान्यात घेऊन या!"

ऑटोत प्रणालीनं त्यांचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. "तुम्ही पाहा ना, मावशी. तुम्हाला कळतं."

त्यांनी हात काढून घेतला. "मले काई समजत नाई, पोरी. एकडाव वाटलं होतं समजते." मग ऑटो चौकात अडकला आणि त्या समोरच्या दुचाकींकडे पाहत बोलत राहिल्या. "उपकेंद्रावर एक बाई आली होती. म्हने, सिस्टर, लेकरू आज शांत हाये. मी हात ठेवला. म्हनलं, झोपलं असन, उद्या ये. उद्या आली तं..." त्यांनी ऑटोवाल्याला बाजूनं काढायला सांगितलं. मग म्हणाल्या, "कालच राख दिसली होती मले. वाटलं, मोजल्यावर दाने बदलले असतीन. विचाराले मी बी घाबरली. एक दिवस मी बी घालवला तुया."

प्रणालीला आजवर वाटत होतं की भीती फक्त तिच्याच पोटात आहे. शेजारी बसलेल्या म्हातारीच्या ओठांवरचा घाम तिनं पाहिला आणि तिला अधिकच भीती वाटली.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून नुसतीच खरखर येऊ लागली. प्रणालीनं डोळे मिटले.

"उघड डोळे," इंदूबाई म्हणाल्या. "माह्याकडे पाय."

त्या तिच्याकडेच पाहत होत्या. खरखर थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि तिच्या आतून कुठूनतरी ठक, ठक, ठक असा आवाज वर आला. मग तो मंदावला. मग पुन्हा सावरला.

"ठोके आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "पण मधूनमधून पडताहेत. पाणीही कमी झालंय. थांबण्यात अर्थ नाही, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

अमोल अकोल्याहून निघाला होता, पण पोचायला दोन तास होते. आई शेषरावांच्या मागे बसून आली होती आणि नुसती पदर तोंडाशी धरून उभी होती. कागदावर सही प्रणालीनंच केली. आत नेताना इंदूबाई दारापर्यंत आल्या. "श्वास सोडताना मोज," त्या म्हणाल्या. "दहापर्यंत. या डाव खरं मोज."

तिनं खरं मोजलं. दहा झाले, आवाज नाही. पुन्हा दहा. कोणीतरी कात्री मागितली, कोणीतरी धावलं. तिसऱ्या दहातल्या सातव्या श्वासाला, जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसा एक बारीक, चिडका आवाज आला. नर्सनं मुलगी तिच्या गालाशी आणली आणि तिच्याकडे सरळ पाहून म्हणाली, "आहे हो. आहे."

मुलगी पावणेदोन किलोची. एकोणीस दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ते दिवस प्रणालीला आधीच्या तीन दिवसांहून कठीण गेले, कारण आता डोळ्यांना सगळं दिसत होतं. काचेपलीकडची इवलीशी छाती वर जायची आणि खाली यायला वेळ लावायची. इंदूबाई रोज चार वाजता यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या. एकदा प्रणालीनं विचारलं, "आता भीती संपेल ना?" त्या म्हणाल्या, "नाई. पन भेवापायी मोजनं सोडू नको."

मुलगी घरी आली त्या दिवशी त्यांनी पर्समधून रुमालाची गाठ काढून दिली. आत राखेतले दहा दाणे होते.

"फेकून द्या ना, मावशी. खोटे आहेत ते."

"खोटी तू होती. दान्यायनं तं खरं सांगतलं. आनि अन्न कोनी फेकते काय? बारशाच्या घुगऱ्यांत टाक."

बारसं अकोल्याला, रविवारी ठरलं. इंदूबाई आणि शेषराव सकाळच्या गाडीनं येणार होते. पाळणा सजला, वच्छलाबाईंनी पातूरहून बायकांना बोलावलं. रविवारी सकाळी शेषरावांचा फोन आला. इंदूबाई झोपेतून उठल्याच नव्हत्या. एवढं सांगून ते म्हणाले, "बारसं थांबवू नका. तिले आवडलं नसतं," आणि फोन ठेवला.

अमोल म्हणाला, "बारसं करून आपण निघू." निघण्याआधी प्रणालीनं मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या छातीवर हात ठेवला आणि दहा श्वास मोजले. मग स्वयंपाकघरात गेली. रात्रभर भिजत घातलेली तूर तशीच होती, दहा दाणे त्यातच मिसळलेले, ओळखू न येणारे. तिनं ती शिजायला लावली.

आदल्याच दिवशी, शनिवारी दुपारी, इंदूबाईंचा फोन आला होता. गाडी किती वाजता पोचते, स्टेशनवर ऑटो मिळतो का, मुलगी दूध नीट ओढते का, सगळं विचारून झालं होतं. प्रणाली फोन ठेवणार तोच त्या म्हणाल्या होत्या, "आनि ऐक वं, राख नीट धुवून घेजो. मीठ बेतानं टाक. प्रियदर्शनीनं तिच्या लेकराच्या बारशाले घुगऱ्या पार खारट करून ठेवल्या होत्या."